चौऱ्याहत्तरीतले ऑपरेशन आणि छत्तिशीतले ऑपरेशन
वाचकांचे प्रश्न : यकृताचा कर्करोग

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे असून निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही सातारा जिल्ह्यात राहतो. गेली अठरा वर्षे त्यांना मधुमेह आहे. दारू-तंबाखूचे व्यसन कधीच नव्हते. दोन महिन्यांपूर्वी सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात गाठ दिसली. सीटी स्कॅनमध्ये ती साडेचार सेंटिमीटरची आणि एकच असल्याचे निघाले, आणि हा यकृताचाच कर्करोग आहे असे डॉक्टरांनी सांगितले. मोठ्या रक्तवाहिन्यांत गाठ शिरलेली नाही, पोटात पाणी नाही, कावीळ नाही. एका सर्जनांनी ऑपरेशन सुचवले आहे, परंतु घरात एकमत होत नाही. काका म्हणतात, या वयात पोट उघडून काय मिळणार, असतील तितके दिवस सुखाने जाऊ द्यावेत. तरुण रुग्णाला ऑपरेशनचा जितका फायदा होतो तितका वडिलांना होईल का, हे कृपया स्पष्ट सांगावे.
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : तुमच्या पत्रात वडिलांचे वय पहिल्याच वाक्यात आहे, मात्र यकृताचे काम दाखवणारे रक्तातील बिलिरुबिन किती, अल्ब्युमिन किती, प्लेटलेट्स किती, यकृतात सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणे, आहे की नाही, ते एका दमात दोन मजले चढू शकतात का, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. हा दोष तुमचा नव्हे. रुग्णाचे नातेवाईकच काय, कित्येकदा आम्ही डॉक्टरही वयाचा आकडा आधी पाहतो आणि मनातल्या मनात निर्णय करून मोकळे होतो. पण यकृताच्या ऑपरेशनचा निकाल ठरवणाऱ्या गोष्टींमध्ये जन्मतारखेचे स्थान बरेच खालचे आहे, हे मी पूर्ण विचारांती सांगतो.

जपान, तैवान, हाँगकाँग, इटली अशा ठिकाणी यकृताच्या कर्करोगावर मोठ्या संख्येने शस्त्रक्रिया होतात, आणि सत्तरी किंवा पंचाहत्तरी ओलांडलेल्या रुग्णांची तरुणांशी तुलना तेथील सर्जनांनी वारंवार केली आहे. त्यातून साधारण एकसारखे चित्र पुढे येते. नीट निवडलेल्या वृद्ध रुग्णांमध्ये ऑपरेशनमुळे होणारे मृत्यू तरुणांपेक्षा फारसे जास्त नसतात आणि गाठ परत येण्याचे प्रमाणही सारखेच राहते. पाच-सात वर्षांनंतर हयात असलेल्यांची संख्या वृद्धांमध्ये थोडी कमी भरते, परंतु ती तफावत बऱ्याच अंशी हृदयविकार, पक्षाघात, न्यूमोनिया यांसारख्या कारणांमुळे पडते. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचा वेगळा हिशेब केला की दोन्ही गट पुष्कळ जवळ येतात.

या निष्कर्षावर आनंदून जाण्यापूर्वी एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. या तुलनेतले वृद्ध रुग्ण हे मुळातच चाळणीतून निवडलेले असतात. ज्यांचे हृदय दुबळे होते, जे अंथरुणाला खिळले होते, ज्यांचे यकृत आधीच थकले होते, त्यांना ऑपरेशनच्या टेबलापर्यंत कोणी नेलेच नव्हते. म्हणून ‘वय आड येत नाही’ हे विधान धडधाकट वृद्धांपुरतेच खरे आहे. ते प्रत्येक ७४ वर्षांच्या माणसाला लागू करणे चुकीचे ठरेल. तुमच्या घरात पडलेला प्रश्न ‘७४ व्या वर्षी ऑपरेशन करावे का’ असा नाही. वडील या चाळणीतून पार पडतात का, असा तो आहे, आणि त्याचे उत्तर तपासण्यांतून मिळू शकते.

पहिली तपासणी निदानाचीच करून घ्या. सिरॉसिस किंवा दीर्घकाळचा हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णात सीटी स्कॅनमधील ठरावीक लक्षणांवरून, म्हणजे औषध टोचल्यावर गाठ सुरुवातीला उजळणे आणि नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा फिकी पडणे यावरून, बायोप्सीशिवाय निदान करता येते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मधुमेहाबरोबर येणारे चरबीयुक्त यकृत हे मूळ कारण असण्याचा संभव आहे, आणि अशा यकृतात सिरॉसिस न होताही कर्करोग होऊ शकतो. सिरॉसिस नसेल तर केवळ स्कॅनवर विसंबून चालत नाही. मोठ्या आतड्यातून किंवा अन्य अवयवातून यकृतात पसरलेली गाठ तर नाही ना, हे पाहावे लागते आणि प्रसंगी बायोप्सीही करावी लागते. हे पाऊल वगळले गेले असेल तर सर्जनांना तसे नम्रपणे विचारा.

त्यानंतर मुख्य मुद्दा येतो, तो म्हणजे मागे उरणाऱ्या यकृताचा. यकृताचा उजवा भाग संपूर्ण काढायचा ठरल्यास साधारण दोन-तृतीयांशाच्या आसपास यकृत जाते. निरोगी यकृत असेल तर मूळ आकाराच्या २० ते २५ टक्के भाग मागे ठेवूनही माणूस तरतो. चरबीने भरलेल्या यकृतात सुमारे ३० टक्के आणि सिरॉसिसमध्ये सुमारे ४० टक्के भाग शिल्लक ठेवावा लागतो. वय येथे थोडे का होईना आपले अस्तित्व दाखवते, कारण उतारवयात यकृताचा आकार व त्याकडे जाणारा रक्तप्रवाह कमी झालेला असतो आणि कापलेले यकृत पुन्हा वाढते खरे, पण तरुणाच्या वेगाने वाढत नाही. म्हणून वृद्ध रुग्णात हिशेब थोडा सैल हाताने, म्हणजे जास्त यकृत मागे ठेवून करायचा असतो. यकृताचे आठ विभाग मानले जातात आणि प्रत्येकाचा रक्तपुरवठा स्वतंत्र असतो. त्यामुळे गाठ नेमकी कोठे आहे यावर पूर्ण उजवा भाग काढायचा की एखाद-दुसरा विभाग काढून भागेल, हे ठरते. साडेचार सेंटिमीटरची गाठ सोयीच्या जागी असेल तर छोटे ऑपरेशन पुरते, आणि ते दुर्बिणीतून करता आल्यास वृद्धांना त्याचा विशेष लाभ होतो, कारण जखम लहान, वेदना कमी आणि दुसऱ्याच दिवशी उठून चालणे शक्य. मोठा भाग काढणे अटळ असेल तर त्या भागाकडे जाणारी पोर्टल शीर आधी बंद करून उरणाऱ्या भागाला चार ते सहा आठवडे वाढू देण्याची पद्धत आहे. ही पद्धत जपानमध्ये १९८० च्या दशकात पुढे आली. त्या आठवड्यांत यकृत वाढलेच नाही, तर तेही एक उत्तरच असते: हे यकृत मोठे ऑपरेशन झेलणार नाही, हे आपल्याला चाकू लावण्याआधीच कळते.

आता शरीराच्या ताकदीविषयी. आम्ही ज्याला जर्जरता म्हणतो ती वयाबरोबर येतेच असे नाही. सकाळी शेतावर फेरी मारून येणारे, स्वतःची कामे स्वतः करणारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा आणि खुर्चीतून उठायला हाताचा आधार लागणारे चौसष्ट वर्षांचे गृहस्थ यांच्यात ऑपरेशनच्या दृष्टीने मला आजोबांची काळजी कमी वाटते. गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरले, मांड्या-दंड बारीक झाले का, चालण्याचा वेग मंदावला का, घरात पडणे झाले का, हे प्रश्न महागड्या तपासण्यांइतकेच महत्त्वाचे आहेत. यांच्या जोडीला हृदयाचा इको, फुप्फुसांची क्षमता, किडनीचे कार्य आणि मधुमेहाचे तीन महिन्यांचे सरासरी प्रमाण पाहिले जाते. वृद्धांमध्ये ऑपरेशननंतरच्या अडचणी प्रामुख्याने हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच अडचणींसाठी आधी तयारी करता येते. तीन-चार आठवडे रोज चालणे, श्वासाचे व्यायाम, डाळी-दूध-अंडी यांतून पुरेशी प्रथिने आणि साखरेवर नियंत्रण यांनी खरोखर फरक पडतो. कर्करोग असताना महिनाभर थांबण्याची भीती वाटणे साहजिक आहे, पण सर्जनांच्या सल्ल्याने ठरवलेला तयारीचा हा अवधी वाया गेलेला नसतो.

प्लेटलेट्सचा आकडा मी मुद्दाम विचारला. तो एक लाखाच्या खाली असेल आणि प्लीहा वाढलेली असेल, तर यकृतातील रक्तदाब वाढल्याची ती खूण असते. अशा रुग्णात, मग तो चाळीस वर्षांचा का असेना, मोठे ऑपरेशन धोक्याचे ठरते. बिलिरुबिन वाढलेले, अल्ब्युमिन घटलेले, पोटात पाणी झालेले असेल तर ऑपरेशन जवळजवळ बाद होते. तुमच्या पत्रात पाणी व कावीळ नाही असे लिहिले आहे, ही चांगली बाजू आहे.

ऑपरेशनशिवाय अन्य मार्गही काकांसमोर ठेवायला हवेत, कारण ‘ऑपरेशन किंवा काहीच नाही’ अशी परिस्थिती नाही. सुईने उष्णता देऊन गाठ जाळण्याचा उपचार तीन सेंटिमीटरपर्यंत चांगला भरवशाचा असतो. साडेचारला तो कमी पडण्याची शक्यता वाढते, क्वचित त्याला इतर उपचारांची जोड देतात. गाठीच्या धमनीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा तोडणे किंवा नेमका किरणोपचार हे पर्याय गाठ आटोक्यात ठेवतात, पण ती समूळ काढण्याची खात्री ऑपरेशनइतकी देत नाहीत. यकृत प्रत्यारोपणासाठी १९९६ साली इटलीतील मिलान येथे ठरलेला निकष पाच सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ, किंवा प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंतच्या कमाल तीन गाठी असा आहे. वडिलांची गाठ आकाराने त्यात बसते, तरी ७४ व्या वर्षी प्रत्यारोपण सहसा केले जात नाही. तरुण रुग्णाला पुढेमागे तो एक आसरा असतो, वडिलांना तो नसेल. तरुण व वृद्ध यांच्यातला हा फरक मात्र खरा आहे आणि तो तुम्हाला माहीत असायला हवा.

नीट निवडलेल्या रुग्णांत ऑपरेशननंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण साधारण ५० ते ७० टक्के सांगितले जाते, आणि त्याच पाच वर्षांत गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. हे दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. गाठ परत आली म्हणजे सगळे संपले असे नसते. ती लहान असताना सापडली तर पुन्हा उपचार करता येतो. त्यासाठी नियमित तपासण्यांना येण्याची घरातल्यांची तयारी लागते.

खर्चाबाबत आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. वडिलांचे कार्ड काढले नसेल तर ते आधी काढा आणि ज्या रुग्णालयात ऑपरेशन करायचे तेथे हा उपचार योजनेत बसतो का, हे तेथील आरोग्यमित्राकडून लेखी समजून घ्या.

शेवटी एक विचारू का? पत्रात काकांचे म्हणणे आहे, तुमची काळजी आहे, सर्जनांचा सल्ला आहे. वडिलांना काय वाटते, ते कोठेच नाही. आयुष्यभर वर्ग सांभाळलेल्या माणसाला त्यांच्या आजाराचे नाव आणि ऑपरेशनचे धोके समजणार नाहीत असे मला वाटत नाही. ऑपरेशननंतर वृद्धांना काही दिवस भ्रम होऊ शकतो, रात्री-दिवसाचे भान सुटू शकते. हा धोका त्यांना आधी सांगितलेला असावा, आणि त्या दिवसांत त्यांच्या ओळखीचे माणूस, चष्मा व श्रवणयंत्र जवळ असावे. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या आणि सर्जनांना त्यांच्याशीच बोलू द्या.

प्रश्न : माझी २२ वर्षांची पुतणी कधी दारूला शिवलेली नाही, तिला कावीळही झालेली नाही, आणि यकृतही चांगले आहे असे डॉक्टर म्हणतात. तरीही तिच्या यकृतात ‘फायब्रोलॅमेलर’ नावाचा कर्करोग निघाला. इतक्या लहान वयात हे कसे झाले, आणि अल्फा फीटोप्रोटीन (यकृताच्या कर्करोगात बऱ्याचदा वाढणारे रक्तातील प्रथिन) नॉर्मल असताना निदान बरोबर असेल का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : हा दुर्मीळ प्रकार प्रामुख्याने किशोरवयीन व तरुण व्यक्तींमध्ये, निरोगी यकृतातच आढळतो. पेशीतील दोन जनुके चुकीच्या रीतीने जोडली जाण्यातून तो उद्भवतो, हे २०१४ साली स्पष्ट झाले. म्हणजे यात तुमच्या पुतणीची किंवा घरातल्या कोणाची चूक नाही. अल्फा फीटोप्रोटीन बहुतेकदा नॉर्मल असते, त्यामुळे त्यावरून निदानाविषयी शंका घेऊ नये, निर्णय बायोप्सीचा. येथे औषधांपेक्षा ऑपरेशनवर भर असतो, आणि जवळच्या रसग्रंथीही काढाव्या लागतात. यकृत निरोगी असल्याने मोठे ऑपरेशन सोसण्याची तिची क्षमता चांगली असते. हा आजार दीर्घकाळानंतरही उलटू शकतो, म्हणून तपासण्या बरीच वर्षे चालू ठेवाव्यात.

प्रश्न : माझ्या ३६ वर्षांच्या धाकट्या भावाच्या यकृतात ११ सेंटिमीटरची गाठ निघाली. तोपर्यंत त्याला काहीही त्रास नव्हता. रक्तात हिपॅटायटिस बी असल्याचे तेव्हाच कळले. सिरॉसिस नाही. ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले, जखम भरली, तो कामावर जाण्याच्या गोष्टी करतो. मात्र अहवालात सूक्ष्म रक्तवाहिन्यांत कर्करोगाच्या पेशी दिसल्याचे लिहिले आहे. सगळे म्हणतात, तरुण आहे, बरा होईल. डॉक्टरांनी केमोथेरपी दिलेली नाही, फक्त हिपॅटायटिसची गोळी रोज घ्यायला सांगितली आहे. गाठच काढली असताना ती गोळी कशासाठी?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, तुमच्या भावाने ऑपरेशन चांगले झेलले यात त्याच्या वयाचा आणि मुख्यतः निरोगी यकृताचा वाटा आहे. पण तरुण वय ऑपरेशन पार पाडायला मदत करते, कर्करोगाला अडवत नाही. तरुणांमध्ये हा आजार बऱ्याचदा मोठ्या आकारात, रक्तवाहिन्यांत शिरू लागल्यावरच सापडतो. यकृताच्या आतील भागाला वेदना कळत नाही. गाठ वाढून वरचे आवरण ताणले जाईपर्यंत दुखतच नाही. शिवाय चांगले यकृत मोठी गाठ पोटात घेऊनही आपले काम निमूटपणे करत राहते, आणि तिशीतल्या धडधाकट माणसाची सोनोग्राफी करायला कोणाला कारण दिसत नाही. समान टप्प्यावरच्या तरुण व वृद्धांची तुलना केली तर तरुणांचे निकाल वाईट नसतात, उलट थोडे चांगलेच असतात. अडचण ही की तरुण त्या सुरुवातीच्या टप्प्यावर क्वचितच येतात.

म्हणून ‘तरुण आहे, बरा होईल’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असले तरी त्यावर विसंबून तपासणी चुकवू नका. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत पेशी सापडणे म्हणजे गाठ परत होण्याचा धोका, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, जास्त असणे. या दोन वर्षांत दर तीन ते चार महिन्यांनी सीटी स्कॅन किंवा एमआरआय आणि अल्फा फीटोप्रोटीनची चाचणी करावी. पुढे अंतर वाढवता येते. केमोथेरपी दिली नाही यात डॉक्टरांनी काही कसूर केलेली नाही. ऑपरेशननंतर गाठ परत येणे टाळण्यासाठी सोराफेनिब हे कर्करोगाचे औषध देऊन पाहिले गेले, त्याचा उपयोग दिसला नाही. इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चालना देणाऱ्या, औषधांनी सुरुवातीला आशा दाखवली, पण रुग्णांना जास्त काळ पाहिल्यावर तो फायदा टिकला नाही.

रोजच्या गोळीचा फायदा मात्र सिद्ध आहे. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर विषाणूची वाढ दाबून ठेवते, उरलेल्या यकृताला सूज व सिरॉसिसपासून वाचवते आणि पुन्हा गाठ होण्याचा धोका कमी करते. गाठ काढली तरी ज्या जमिनीत ती उगवली ती जमीन शरीरातच आहे. गोळी एकाएकी बंद केल्यास विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकते, म्हणून बरे वाटते या कारणाने ती कधीही थांबवू नये. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला असून त्यात ही तपासणी व औषधे शासकीय उपचार केंद्रांत विनामूल्य मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. दारू पूर्ण वर्ज्य, आणि यकृतासाठी म्हणून कोणी दिलेले काढे व चूर्णे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत.

आता तुमच्याविषयी. हिपॅटायटिस बी दीर्घकाळ टिकतो तो बहुतेकदा बाळंतपणात आईकडून बाळाला होतो तेव्हा. नवजात बाळाला लागण झाल्यास सुमारे ९० टक्के वेळा तो आयुष्यभर राहतो, तर प्रौढाला झाल्यास सुमारे ५ टक्के वेळाच. तुमच्या भावाला तो जन्माच्या वेळी मिळाला असण्याचा संभव मोठा आहे, आणि तसे असेल तर एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या तुम्हालाही मिळालेला असू शकतो. तैवानने नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस १९८४ साली द्यायला सुरुवात केली आणि तेथील मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. आपल्या देशात ती राष्ट्रीय लसीकरणात सर्वत्र यायला २०११ उजाडले. तुमच्या पिढीला ती मिळाली नाही.

तेव्हा आई, तुम्ही, इतर भावंडे, भावाची पत्नी आणि त्यांची मुले या सर्वांची एचबीएसएजी ही साधी रक्तचाचणी येत्या काही दिवसांत करून घ्या. ज्यांना लागण नाही आणि प्रतिकारशक्तीही नाही त्यांनी लसीचे तीन डोस घ्यावेत. ज्यांना लागण असेल त्यांनी घाबरून न जाता यकृततज्ज्ञांना भेटावे. घरात कर्करोग झालेला असल्याने त्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागेल, वय तिशीचे असले तरी. घरात किंवा नात्यात कोणी गरोदर असेल आणि तिची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन मिळावे, हे प्रसूतीच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.